वजा बेचाळीस

अहवाल दोनशे अठरा पानांचा.
पहिली साठ मी न वाचता उलटली,
तिथं ट्रॉलीत बसलेलं हसरं मूल
आणि चेअरमनचं पत्र.
अण्णा म्हणायचे, दुकान बघायचं तर
मागच्या दारानं आत जावं.
म्हणून मी शेवटच्या टिपांपासून सुरू केलं,
शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, ऑफिस सुटल्यावर,
साहेबांच्या एसीत.

विक्री अठराशे चाळीस कोटी.
नफा सेहेचाळीस.
शंभराच्या बिलामागे अडीच रुपये;
पिशवी घेतली तर त्याहून जास्त जातात.

माल फळीवर एकतीस दिवस.
गिऱ्हाईक रोख, येणं एका दिवसाचं.
पुरवठादाराचे पैसे चौऱ्याहत्तर दिवसांनी.
एकतीस अधिक एक, वजा चौऱ्याहत्तर:
वजा बेचाळीस.
पेन्सिलनं दोनदा गोल केला.
माल विकून झाला, पैसे हातात आले,
आणि ज्याचा माल त्याला द्यायला
अजून दीड महिना जवळ.
परीक्षेत याला उत्तम म्हणतात.
मीही उत्तमच लिहिलं असतं.

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात
हाच आकडा उलटा पडायचा.
पोत्याचे पैसे पंधराव्या दिवशी,
अण्णा स्वतः मार्केट यार्डात नेऊन द्यायचे,
आणि उधारी कारखान्याचं बिल निघेपर्यंत.
कधी निघेल ते कारखान्यालाच ठाऊक.
अण्णा अधिकात जगले,
अधिकातच शटर ओढलं.

रविवारी राजारामपुरीतलं त्यांचं दुकान बघून आले.
बिस्किटांच्या तारखा तपासल्या, ताज्या.
तांदळाच्या डब्यावर बोट फिरवलं, धूळ नाही.
पाच काउंटर, चार सुरू, रांगेत माणसं चिडलेली
पण रांग सोडत कुणी नव्हतं.
माल हलतोय.
गुडघ्याच्याही खालच्या फळीवर काकवीच्या बाटल्या,
लेबलावर रुकडी, आणि राजमतीचं नाव.
वाकून एक घेतली.

राजमती, माझी आतेबहीण.
चार जूनचं बिल, एक लाख अठरा हजार.
‘येतंय म्हणालेत गं,’ म्हणाली,
‘मोठी माणसं हायत, बुडवत न्हाईत.’
बुडवत नाहीत, खरंच.
चौऱ्याहत्तराव्या दिवशी नेमकं जमा होतं.
तोवर गुऱ्हाळवाला थांबत नाही,
म्हणून तिच्या पाटल्या पतसंस्थेत, बारा टक्क्यांनी.
कॅल्क्युलेटर समोर होताच:
दोन हजार आठशे सत्तर.
एका बिलामागे एवढं ती कंपनीला देते,
आणि दोघींपैकी कुणीच ते कुठं लिहीत नाही,
ना ती, ना कंपनी.

पान एकशे त्र्याण्णव.
सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी: निरंक.
पुन्हा वाचलं. निरंक.
खोटं नाही ते. तिची नोंदणीच नाही,
कुणी कागद मागितला नाही, तिनं दिला नाही,
आणि कागद नाही म्हणजे ती लघुही नाही, सूक्ष्मही नाही.
नुसती ‘इतर’.

भाव तीनशे दहा. कमाईच्या बासष्ट पट.
महाग आहे, पण कर्ज नाही, जागा स्वतःच्या,
दरवर्षी बारा नवी दुकानं, तीही त्याच पैशात:
राजमतीच्या, आणि तिच्यासारख्या कितीतरी ‘इतरां’च्या.
पीएफचे पन्नास हजार आलेत माझ्याकडे.
कंपनी चांगली आहे.
हे वाक्य लिहिताना हात अडखळला नाही,
आणि तेच मला डाचतंय.

साडेनऊला फोन केला.
आधार कार्ड घेऊन बस म्हटलं, फॉर्म भरतेय.
‘आत्ता? आणि तुझं ते शेअरचं?’
बघू. तू आकडे सांग.
ती एकेक वाचत गेली, चष्म्याविना,
मागं पॅकिंगचं मशीन धडधडत होतं:
चार… शून्य… थांब, हा सात हाय का एक,
दिसंना झालंय बघ.